आवाजाच्या फायलीची परवानगी

लिआओ पेई-श्वानला ती परवानगी पहिल्यापासूनच खटकली होती. जुन्या आर्केड यंत्रांवरचे खेळ संगणकावर चालवून देणारा एम्युलेटर तिला लिनक्स या संगणकप्रणालीच्या प्रोग्रॅमच्या मुख्य भांडारात घालायचा होता, आणि आडवी आली होती आवाजाची एकच फाईल. फायलीच्या माथ्यावर तिच्या लेखकाची अट होती: 'विकण्यासाठी वापरू नये.' भांडारात असल्या अटीला थारा नाही; तिथला माल कुणालाही विकायची मुभा लागतेच. एम्युलेटरच्या बाकीच्या लेखकांनी अशी अट उठवायला महिने घेतले, आणि ही फाईल लिहिणारा, एरवी कुणालाही उत्तर न देणारा काओ शिह-चिए एका ओळीत मोकळा झाला: 'हो, मीच तो. माझी हरकत नाही.'

पाणी कुठेतरी मुरत होतं. रात्रबाजारात जुने खेळ भरलेले, टीव्हीला जोडायचे डबे विकणारे ही अट उठायची वाटच बघत होते. त्यांच्यातल्याच कुणीतरी शिह-चिएच्या नावाने लिहिलं असणार! मग तिने भांडारात प्रोग्रॅम घालणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला कळवलं: समोर या, ओळखपत्र दाखवा, मग मानते.

ताइचुंग शहरातल्या नाश्त्याच्या दुकानात आली ती मात्र एक पन्नाशीची बाई.

"मी शू-चिन. शिह-चिएची मोठी बहीण."

"ते कुठे आहेत?"

"त्याला यायला जमत नाही."

"मग ताई, त्या फायलीत घुमणारा आवाज कसा काढलाय, तेवढं तुम्हीच सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं? मी लोकांचे केस कापते."

"डबेवाल्यांनी पाठवलंय ना तुम्हाला? सरळ सांगून टाका."

शू-चिनने अंड्याची पोळी बाजूला सारली. "तो गेला, पोरी. मागच्या हिवाळ्यात."

"कशावरून?"

सवयीने तोंडातून निघून गेलं. पेई-श्वानला वाटलं, जीभ हासडून टाकावी. शू-चिनने पिशवीतून सरकारी नोंदणीचा उतारा काढून पुढे ठेवला. भावाच्या नावापुढे 'मयत' आणि वारस म्हणून ती एकटी.

"लेखक सापडला नाही तर फाईल काढून टाकू, असं तूच त्याच्या ईमेलवर लिहिलं होतंस," ती म्हणाली. "म्हणून मी तो झाले."

"अहो, खोटं बोलायची गरजच नव्हती. वारसाची सही चालते."

"मग आण कागद." पेन उघडता उघडता ती थांबली. "अट काढली की डबेवाले विकणार?"

हो म्हटलं तर हातची सही जाणार, हे पेई-श्वानला दिसत होतं. पण एवढा संशय घेतल्यावर आता आपणच लबाडी करायची? "विकणार, ताई. त्यांना कुणी अडवू शकणार नाही."

"ती अट त्याने त्यांच्यासाठीच घातली होती. जेवताना शिव्या घालायचा त्यांना." शू-चिनने पेनाचं टोपण परत लावलं. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"फाईल जाईल. दुसरं कुणीतरी नवी लिहील."

"त्याचं नाव?"

"तेही जाईल."

"आणि हो म्हटलं तर?"

"राहील. जो विकेल त्याला डब्यासोबत तुमच्या भावाचं नाव द्यावंच लागेल. ती अट भांडारालाही मान्य आहे."

शू-चिनचे डोळे भरून आले. तिने कागद ओढून घेतला.

"मग विकू देत मेल्यांना," ती म्हणाली, आणि सही केली.