चोवीसपैकी चोवीस

मित्रांनो, सराव-खोलीच्या ओट्यावर बसलेली दोन तोंडांची जुनी गॅसची शेगडी, ती मीच. माझे डावे तोंड तापट आहे आणि उजवे आळशी. बटणांवरच्या खुणा कधीच पुसल्या गेल्या. किती फिरवले म्हणजे किती आच, हे आता हातालाच ठाऊक असावे लागते. माझी कहाणी ऐकायला बसलात म्हणून एक आधीच सांगते, शेवट गोड नाही. गोड शेवट हवा असेल त्यांनी शेजारच्या फ्रीजकडे जावे. त्याला सगळेच थंड डोक्याने सांगता येते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, पाय ठोकले आणि एका चाचणीवाल्याने मला पहिल्यांदा पेटवले. निळी ज्योत बघून तो म्हणाला, "ही चांगल्या घरी पडणार बघ." मी पडले नगरपालिकेच्या घरी. कचेरीच्या मागच्या जिन्याखालून एक बोळ जातो, त्याच्या टोकाला ही खोली. एक ओटा, एक नळ, एक टेबल, चार खुर्च्या.

ज्या मुलांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, ती संस्थेत वाढतात. अठरा पूर्ण झाली की त्यांना तिथून निघावे लागते. तुम्ही अठरा वर्षांचे झालात तर घरचे तुमचे कौतुक करतील. या मुलांच्या हातात एक किल्ली ठेवतात आणि त्यांना वाटेला लावतात. त्याआधी निदान भात तरी शिकवावा, म्हणून नगरपालिकेने सराव-खोली काढली. संस्थेत जेवण खिडकीतून ताटात येते, ते होते कसे हे कुणी पाहिलेलेच नसते. एका ताडमाड मुलाला दूध उतू जाते हे सतराव्या वर्षी कळले. "मावशी, हे वर का येतंय?" म्हणून तो भिंतीपर्यंत मागे सरला. सगळे पोट धरून हसले. तो गेल्यावर मावशी माझ्या अंगावरचे दूध पुसत होती आणि मधूनच डोळेही पुसत होती.

मावशी म्हणजे इथली शिकवणारी. आधी बावीस वर्षे इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. जीभ तिखट, हात सढळ. मुलांना ती नावे ठेवायची आणि ती नावे मुलांना खऱ्या नावापेक्षा आवडायची. मला ती "म्हातारे" म्हणायची, पण रोज संध्याकाळी माझे बर्नर काढून घासायची. "अगं म्हातारे, तुझं नाक चोंदलं की पोरं उपाशी," असे म्हणत सुईने एकेक भोक मोकळे करायची. तेवढे कौतुक कुठल्या शेगडीच्या वाट्याला येते, सांगा.

अशी कितीतरी मुले आली आणि गेली. पण मला सांगायचे आहे ते हळूबाईचे.

हळूबाई आली तेव्हा साडेसतरा वर्षांची होती. लहानपणापासून सात घरे बदललेली आणि शेवटी संस्थेत आलेली. कांदा चिरायला ती एवढा वेळ लावायची की मावशी म्हणाली, "बाई गं, तुझा कांदा चिरून होईपर्यंत दुसरा उगवेल!" ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी वेळेआधी दारात हजर. हळूहळू हात बसला. भात मोकळा व्हायला लागला, अंडे टरफलाशिवाय फुटायला लागले. बटण बंद केल्यावर ती वाकून बघायची, ज्योत खरंच गेली का. कुणी इतक्या काळजीने मला निजवले नव्हते.

एक गोष्ट मात्र मी पाहिली, मावशीने पाहिली नाही. एकदा मावशी बादली भरायला बाहेरच्या नळावर गेली. हळूबाईच्या हातात सुरी होती, बटाटा अर्धा चिरलेला. ती थांबली. कढईत तेल तापून धुरावले, तरी ती तशीच उभी. मावशीची चाहूल लागली तशी सुरी पुन्हा चालायला लागली. "तेल जाळलंस होय गं?" एवढेच मावशी म्हणाली. मला तेव्हाच कळले. या मुलीला सगळे येत होते, पण कुणी शेजारी उभे असले तरच.

अठरावे जवळ आले तशी तपासणी ठरली. तपासनीस साहेब दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. माणूस वाईट नव्हता. चष्मा सतत घसरायचा आणि तो सतत वर करायचा. त्यांच्याजवळ एक कागद असे. त्यावर चोवीस कामे: गॅस पेटवणे, भात करणे, औषधाची वेळ पाळणे, वीज कचेरीत अर्ज देणे, अशी. प्रत्येक कामापुढे तीन रकाने. मदतीशिवाय करते, मदतीने करते, करू शकत नाही.

त्या दिवशी हळूबाईने भात, बटाटे आणि अंडी केली. मावशी टेबलाशी उभी. साहेब एकेक काम विचारत गेले.

"हे करताना मदत लागते?"

"छे हो! माझी हळूबाई सगळं आपलं आपण करते. मदत कसली?"

प्रत्येक वेळी मावशीची मान थोडी अधिक ताठ. पोरीचा निकाल लागल्यावर आईची होते, तशी. चोवीसच्या चोवीस खुणा पहिल्या रकान्यात पडल्या आणि खाली मावशीने झोकात सही ठोकली. मग तिने हळूबाईला जवळ ओढले. मीही खूश होते, खोटे कशाला बोलू?

पण त्याच वर्षी नियम बदलला होता. पूर्वी हा कागद नुसता फाईलला लागायचा. आता त्यावरूनच ठरणार होते, कुणाला काय द्यायचे. ज्यांच्या आठ तरी खुणा दुसऱ्या रकान्यात, त्यांच्या घरी एकवीस वर्षांपर्यंत दर आठवड्याला एक माणूस जाणार. बाकीचे स्वावलंबी. त्यांना किल्ली द्यायची आणि फाईल बंद करायची. याचे चार पानी परिपत्रक खोलीत आले होते आणि वाचल्याची सही मावशीने केलीही होती. पण तेव्हा माझ्यावर भात होता. भात सोडून चार पाने कोण वाचतो?

हळूबाईला गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. कपडे धुण्याच्या कारखान्यात घड्या घालायचे काम मिळाले. मावशी दोनदा म्हणाली, "सुखात असेल पोरगी." आणि नव्या मुलांच्या गडबडीत चार महिने गेले.

एका दुपारी ती दारात उभी राहिली. मी तर आधी ओळखलेच नाही. गाल आत गेलेले, गुंड्या वरखाली लावलेल्या.

"काय करून खातेस?" मावशीने विचारले.

"ब्रेड."

"नुसता? अगं, सगळं येतं की तुला!"

"येतं, मावशी." तिने माझ्या बटणावर हात ठेवला. "पातेलं ठेवते मी. पाणी घालते. मग कुणी नसतं."

"म्हणजे?"

"मग तशीच बसते."

काम सुटून महिना झाला होता. एक दिवस गेली नाही. कुणी विचारायला आले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही गेली नाही. मावशीने तिला तिथल्या तिथे भात करायला लावला, शेजारी उभी राहिली आणि हळूबाईने तो सुरेख केला. तिने तीनदा वाढून घेतले. ते खाणे बघवत नव्हते.

तिला बसवून मावशी तशीच दुसऱ्या मजल्यावर गेली. परत आली ती कपाळाला हात लावूनच. साहेबांनी फाईल काढून दाखवली होती: "मावशी, सही तुमचीच आहे. चोवीसपैकी चोवीस. आता मी वर काय सांगू?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ते हेच. तरी साहेबांनी खटपट करून एक फेरतपासणी मिळवून दिली. एकदाच, पुन्हा नाही. आणि या वेळी तोंडी सांगणे चालणार नव्हते, साहेबांच्या डोळ्यांदेखत चुकेल तेवढीच खूण बदलणार होती. आठ खुणा दुसऱ्या रकान्यात पडल्या की दर आठवड्याला हळूबाईच्या दाराशी माणूस जाणार.

आणि मग मित्रांनो, मी जन्मात न पाहिलेला वर्ग भरला. मावशी हळूबाईला चुकायला शिकवू लागली.

"भात लागू दे. अंड्यात टरफल पडू दे. बटण बंद करायचं विसर."

"पण बटणाचं तर तुम्हीच..."

"मी शिकवलं ते विसर. एका दिवसापुरतं विसर गं माझे आई!"

हळूबाईने मान डोलावली. मीही ठरवले. आयुष्यभर मी करपण्याला आपला शत्रू मानले. पण त्या दिवशी माझ्या तापट तोंडाने पातेल्याचे बूड असे काळे करायचे की सात जणींना घासून निघू नये.

फेरतपासणीला हळूबाई केस विंचरून आली. साहेब खुर्चीत बसले. मावशी टेबलाशी उभी राहिली. आणि मी पाहिले, मावशी तिथे उभी राहिल्याबरोबर त्या मुलीचे खांदे खाली आले. चार महिने वर ओढून धरलेले खांदे. तिने तांदूळ धुतले. बटाट्यांच्या सारख्या फोडी केल्या. मावशी खोकली. तिने बघितलेच नाही. मावशी डोळ्याने खुणावू लागली. ती हसली, कारण चार महिन्यांत तिच्याकडे कुणी इतके बघितले नव्हते. शेवटी साहेब चष्मा पुसत होते तेवढ्यात मावशीने हळूच माझी आच वाढवली. मीही जीव खाऊन भडकले. हळूबाईने हात पुढे करून बटण मागे फिरवले आणि प्रेमाने म्हणाली, "लागेल ना भात, मावशी."

वस्तूला बटणापुढे जाता येत नाही. मी मुकाट्याने मंद झाले.

तिने तीन ताटे वाढली. साहेबांनी खाल्ले, कागद पुढे ओढला आणि पेन हातात धरून नुसते बसले.

"अहो साहेब, मी उभी आहे म्हणून करते ती!" मावशीचा आवाज फाटला. "मी नसले की तिचे हातच चालत नाहीत!"

"तुम्ही तिला हात लावलात?"

"नाही."

"काही सांगितलंत?"

"नाही, पण..."

"मग मदत कुठली लिहू, मावशी? नुसतं उभं राहण्याला इथे रकाना नाही." हे त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारले की मला त्यांचा रागही येईना. त्यांनी खुणा केल्या. पहिल्या रकान्यात, चोवीस.

हळूबाईला काहीच कळले नव्हते. ती मावशीच्या ताटाकडे बघत होती.

"चांगलं झालंय ना, मावशी?"

मावशीने घास गिळला. "फार छान झालंय गं," ती म्हणाली. दुसरे काय म्हणणार होती?

पुढे मावशी दोन रविवार तिच्या खोलीवर गेली. तिसऱ्या रविवारी दाराला कुलूप होते. शेजारणीला तिचे नावही माहीत नव्हते. कारखान्यात नाही, संस्थेत नाही. नगरपालिकेत विचारले तर उत्तर मिळाले, फाईल बंद आहे, ती स्वावलंबी आहे. आजतागायत तिचा पत्ता नाही. मावशी आता माझे बर्नर घासत नाही. उजवे तोंड निम्मे बुजले आहे. प्रत्येक मुलाच्या कागदावर ती समासात हाताने लिहिते, 'याच्या शेजारी कुणीतरी उभे राहावे लागते.' वरच्या मजल्यावर कागद संगणकात चढवताना समास चढवत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही असले कागद तयार करतील. तेव्हा त्यात एक रकाना वाढवा. आणि तोवर, एखाद्याला सगळे येते असे दिसले म्हणून त्याच्याकडे जाणे सोडू नका. हात लावू नका, हवे तर बोलूही नका, नुसते जाऊन उभे राहा. मला चार पाय आहेत, पण ते ओट्याला ठोकलेले आहेत. तुमचे तसे नाहीत.