विक्कीच्या लग्नाची पंगत

"गिळ आता. तोंडात ठेवून कायले बसली?" सोनीबाई म्हणाली.

मोनालीने गालात धरून ठेवलेला घास हलवला, डोळे मिटले आणि गिळला.

यवतमाळच्या बाहेर, संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या त्या घरात न जेवणाऱ्या, जेवलेलं ओकून टाकणाऱ्या मुलींना महिनोन्‌महिने ठेवून घेत. आजूबाजूचे लोक त्याला उपाशी पोरींचं हॉस्टेल म्हणत. जेवण झालं की बराच वेळ कोणालाही न्हाणीकडे जाऊ द्यायचं नाही, हे सोनीबाईचं काम. ती दाराशी पाय पसरून बसे आणि तिच्या अंगावरून जायची कोणाची हिंमत होत नसे.

घास गिळताना मोनाली एकच चेहरा डोळ्यांपुढे आणायची. नलूबाईचा. डॉक्टर मॅडमच्या गोळ्यांपेक्षा तो चेहरा तिला लागू पडायचा.

नलूबाई म्हणजे विक्कीची आई. दिग्रसहून ती त्याच्यासाठी दारव्ह्याला मोनालीला पाहायला आली, त्या साली कापसाचा भाव असा पडला होता, की मोनालीचे वडील उकंडा ज्या जिनिंगमध्ये कामाला होते तिला दिवाळीनंतरच कुलूप लागलं. शेतीवाल्या पोराला कोणी मुलगी देईना आणि नोकरीवाल्याच्या दाराशी मुलींच्या बापांची रांग. विक्की आश्रमशाळेवर मास्तर होता. नलूबाईने चहा संपवला, मोनालीचा दंड चिमटीत धरला आणि हसत म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पन अंगानं सुटली हाय. लग्नापर्यंत उतरव म्हना तिले. फोटोत विक्कीच्या बाजूले शोभली पायजे."

उकंडा हो म्हणाले. मोनालीही हो म्हणाली.

आधी तिने भात सोडला, मग पोळी. पुढे मूठभर फुटाणे आणि चहा एवढ्यावर दिवस निघू लागला. आई रडली, थोरल्या भावाने, राजदीपने, एकदा कानाखालीही वाजवली. पण घास पोटात गेला की तिला स्वतःचीच किळस यायची आणि ती बोटं घालून तो बाहेर काढायची. एका सकाळी ती न्हाणीत पडली. तिला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. तिथे नलूबाई भेटायला आली, खाटेपासून लांब, नाकाला पदर लावून उभी राहिली आणि बाहेर जाऊन उकंडांना म्हणाली, "भाऊ, अशी रोगट पोरगी आमी कशी करावं? माह्या घरी नातू पायजेत मले."

दार उघडंच होतं. मोनालीने ऐकलं. मरायला टेकलेल्या त्या मुलीला त्या दिवसापासून जगायचं होतं.

दवाखान्यातून तिला बागेजवळच्या त्या घरात आणलं. तिथे एका रविवारी राजदीप भेटायला आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "विक्कीचं जमलं. पुसदची पोरगी हाय, दीपमाला. विहारापुढं मांडव हाय. बाबाले पत्रिका बी देऊन गेले, लाज पाह्य त्यायची!"

"मी येतो लग्नाले," मोनाली म्हणाली.

त्या घराचा एक नियम होता. कायमचं घरी सोडण्याआधी मुलीने बाहेर, चारचौघांत एक जेवण करायचं आणि ते पोटात ठेवायचं. बहुतेकजणी मामाच्या नाहीतर बहिणीच्या घरी जात. मोनालीने डॉक्टर मॅडमना सांगितलं, मी लग्नात जेवीन. कोणाच्या, ते सांगितलं नाही.

सोनीबाईने मात्र ओळखलं. वेणी घालता घालता ती म्हणाली, "भांडाले चालली न?"

"जेवाले चालली."

"रागानं जेवशील त सारं बाहेर येईन."

"येऊ दे. तिच्या लुगड्यावर येऊ दे."

सोनीबाईने वेणीला जरा जास्तच ओढून गाठ मारली.

दिग्रसच्या मांडवात ती राजदीपसोबत शिरली, तेव्हा ओळखीची माणसं तिला पाहून 'जय भीम' म्हणता म्हणता थबकली. मोनाली कोणाजवळ थांबली नाही. पंगतीत तिने अशी जागा धरली, की समोर स्टेज दिसावं आणि स्टेजवरून ती दिसावी. पत्रावळीवर पोळी आली, वांग्याची भाजी आली, वरणभात आला. ती सावकाश जेवू लागली.

नलूबाई बुंदीचं पातेलं घेऊन आग्रह करत आली आणि तिच्यापुढे येऊन थांबली.

"तू होय? चांगली झाली वं."

"झाली न. वाढा, मावशी."

नलूबाईने वाढलं. मोनालीने तिच्या तोंडाकडे बघत ते संपवलं.

"आनखी वाढा."

पुन्हा संपवलं. पंगत बघू लागली.

"आनखी."

नलूबाईच्या हातातला डाव पातेल्यावर वाजला. तिने घाईघाईने वाढलं आणि पुढे सरकली. मोनालीच्या छातीत असं काही गार झालं, की एवढ्यावर उठून जावं असं तिला वाटलं. ठरवलं होतं तेवढं झालं होतं.

तेवढ्यात पुढच्या बायकांना नलूबाई सांगताना ऐकू आली, "आमची सून पाहा, सकाळपासून नुसती पान्यावर हाय. फोटो निघेपर्यंत काई खाऊ नको म्हटलं, त आयकते बिचारी."

मोनालीने स्टेजकडे पाहिलं. पांढऱ्या साडीतली दीपमाला खुर्चीच्या कडेवर बसली होती. ब्लाऊज दोन्ही बाजूंनी पिना लावून आवळला होता. ओठ कोरडे पडले होते.

मोनाली उठली. हात धुतले, एका द्रोणात बुंदी घेतली आणि स्टेजवर चढली.

"खाय," ती दीपमालाला म्हणाली.

दीपमालाने सासूकडे पाहिलं. नलूबाई धावत आली. "काहून वं? इथं काय लावलं?"

"मावशी, मले बी तुमीच उतरव म्हटलंतं," मोनालीचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "मी उतरवलं. मरायले टेकली तवा रोगट म्हनून टाकून देलं. हिले कवा टाकता?"

सनई लावणाऱ्या पोराने टेप बंद केला.

"मोनाली, आज नको," विक्की पुटपुटला.

"आजच."

नलूबाईचं तोंड उघडंच राहिलं. खालून दीपमालाची आई पुढे आली आणि तिने मुलीची हनुवटी वर केली. "सकाळपासून उपाशी हाय तू? मले काहून नाई सांगतलं?" दीपमालाने द्रोणातली थोडी बुंदी उचलली आणि तशीच मुठीत धरून बसली. ती खाईल की नाही, हे बघायला मोनाली थांबू शकली नाही. राजदीपने तिला दंडाला धरून खाली आणलं.

यवतमाळच्या बसमध्ये तिला नलूबाईचं उघडं राहिलेलं तोंड आठवून हसू येत होतं. मग त्या मुलीची मूठ आठवली. बोटांच्या फटीतून पाक पांढऱ्या साडीवर गळत होता. हसू गेलं आणि पोटातलं सगळं वर येऊ लागलं.

दारव्ह्याला बस थांबली. माणसं उतरली.

"मळमळून राह्यलं का?" राजदीपने विचारलं. "चाल, उतरू. मांगं मोरी हाय."

"मळमळून राह्यलं. पन उतरत नाई." मोनालीच्या कपाळावर घाम आला होता. "त्या मावशीच्या हातचं हाय ते. मी तिले वापस देनार नाई."

कंडक्टरने घंटी मारली. समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून, तोंड मिटून मोनाली बसून राहिली.