चंद्रीचा पासवर्ड

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. शिरोळजवळच्या एका गावात, दूध संस्थेच्या खिडकीशी माझी जागा होती. कोल्हापुराहून जीपमधून आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो. आता तुपासारखा पिवळा पडलो आहे.

आलो त्या दिवशी संस्थेच्या सचिव अक्काताईंनी मला कुंकू लावलं. पासवर्ड ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या लाडक्या म्हशीचं नाव सांगितलं, "चंद्री!" तेही एवढ्या मोठ्यानं, की बाहेर रांगेत उभ्या सगळ्यांनी ऐकलं. आमच्याकडे हळू बोलणाऱ्याला बरं नाही असं समजतात.

गावाचं दूध एका मोठ्या टाकीत थंड ठेवतात. त्या टाकीची थंडी मी सांभाळायचो. ती कमी झाली, तर घरोघरचं दूध नासून जाणार. मी ते कधी होऊ दिलं नाही. "गडी लय इमानी हाय," असं लोक म्हणायचे. ते दिवस आठवले की आजही माझा पंखा जोरात फिरू लागतो.

मग कोल्हापूरच्या स्नेहल नावाच्या इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी आमच्या यंत्रांवर एक राखणदार बसवला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा प्रोग्रॅम होता तो. कित्येक आठवडे तो नुसता बघत राहिला. अक्काताई देवदर्शन करून येतात, एका बोटानं टाइप करतात, टाकीच्या थंडीला कधी हात लावत नाहीत, हे सगळं तो शिकत होता. मी मनात म्हणालो, आयत्या बिळावर नागोबा!

एका सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. तेवढ्यात फोन आला. संगणकाच्या कंपनीतून बोलतोय, दुरुस्ती करायची आहे, असं कुणी अनोळखी माणूस सांगत होता.

"बोला की पावणं!" अक्काताई म्हणाल्या. "पासवर्ड व्हय? चंद्री! ऐकू येईना? चं-द्री!"

थोड्याच वेळात कुणीतरी दुरून माझ्यात शिरलं. चंद्रीचं नाव बरोबर टाइप केलेलं पाहून मी मुकाट्यानं दार उघडलं. लगेच टाकीची थंडी बंद करायचा हुकूम आला. मी तो पाळणारच होतो, पण राखणदारानं मला अडवलं. ही बोटं अक्काताईंची नाहीत, फार भराभर चालतात, हे त्यानं ओळखलं होतं. त्यानं बाहेरची वाट बंद केली आणि भोंगा वाजवला. दूध वाचलं.

संस्थेचे अध्यक्ष पार्श्वनाथ आण्णा धावत आले. सगळं कळल्यावर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अवो अक्काताई, पावण्याला चहा द्यावा. किल्ली कशाला दिलीसा?"

दुपारी स्नेहलबाई आल्या. राखणदारानं सगळी यंत्रं तपासून कच्ची जागा शोधली. ती जागा म्हणजे मीच! मला फार वाईट वाटलं.

"ह्याच्या प्रोग्रॅमची भोकं बुजवणारी नवी ठिगळं आता कंपनी देत न्हाई," स्नेहलबाई म्हणाल्या. "हा जोडलेला ऱ्हायला तर चोर परत हितनंच शिरणार."

"मग घाला की भंगारात," आण्णा म्हणाले.

अक्काताई उसळल्या. "म्हातारं जनावर आम्ही पांजरपोळात ठेवतो, खाटकाला देत न्हाई. हेबी तसंच!"

माझी इंटरनेटची वायर काढली आणि मला कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं. खिडकीशी नवा संगणक आला. त्याचा पासवर्ड अक्काताईंनी कुणालाच सांगितला नाही. टाइप करताना त्या पदर आडवा धरतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला माया द्या, पण दाराची राखण तिच्यावर सोपवू नका. आणि तुमचा राखणदार कितीही हुशार असो, किल्ली हाका मारून वाटू नका.

चंद्री जाऊन बरीच वर्षं झाली. गोठाही आता रिकामा आहे. तरी रोज दुधाची गाडी गेली की अक्काताई माझ्यापाशी येतात आणि एका बोटानं तिचं नाव लिहितात. मी दार उघडतो. आता माझ्यात त्यांचं काहीच काम उरलेलं नाही. तरी त्या थोडा वेळ बसतात.