अंगणातल्या लोडरची किंमत

उंद्रीतल्या सिंधूताईंच्या अंगणात कित्येक वर्षांपासून एक लोडर ठाण मांडून होता. जुना ट्रॅक्टर, त्याला पुढे दोन लोखंडी हात आणि त्या हातांत माती उचलायची भलीमोठी बकेट. नवऱ्याने, म्हणजे नारायणरावांनी, तो कुठल्याशा लिलावातून आणला. दोन हंगाम मुरूम भरला, मग इंजिन बसलं आणि लोडरही बसला. गावातली पोरं त्याला जेसीबी म्हणत. सिंधूताई सवत म्हणत.

बचत गटाचं मिरची कांडप यंत्र या खेपेला सिंधूताईंना मिळणार होतं. अट एकच, शेडपुरती मोकळी जागा. सोमवारी गटाची अध्यक्ष सारिका पाहायला येणार; जागा नसली तर यंत्र दुसरीच्या दारात. आणि जागा होती नेमकी सवतीच्या बुडाखाली.

"इकून टाका ना तो एकदाचा," सिंधूताई म्हणायच्या.

"किंमत कळल्याबिगर इकू कसा? हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा!" नारायणरावांचं ठरलेलं उत्तर.

किंमत सांगणाऱ्यांचा तोटा नव्हता. भंगारवाल्याने वजनाचा भाव सांगितला, वेल्डिंगवाल्याला नुसती बकेट हवी होती, एकजण तर लोडरसोबत फोटो काढून निघून गेला. चहा मात्र सगळ्यांनी घेतला. चहा उकळून उकळून सिंधूताईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी रविवारी जळगाव जामोदहून फारुखभाई आले. जुनी यंत्रं पारखायची आणि शौकिनांना मिळवून द्यायची, हा त्यांचा धंदा. आल्याबरोबर ते लोडरखाली आडवे झाले.

"हे हात गावात वेल्डिंग करून चिकटवले असते, तं नुसतं भंगार होतं," ते खालूनच बोलले. "पण हे बोल्टावर हायेत. कारखान्यातूनच असा जोडून आला असन, तं चीज हाये. ट्रॅक्टरवर अन् लोडरवर एकच नंबर पाह्यजे. लोडरची पाटी कुठी हाये?"

पाटी होती, पण शेंदराखाली. दर दसऱ्याला नारायणराव नेमका तिच्यावरच तेल-शेंदूर थापत आले होते. थर बोटभर जाड झाला होता.

"खरवडू नका! देव हाये तो!" नारायणराव आडवे आले.

फारुखभाईंनी हात मागे घेतला. "देवाचं असन तं मी हात नाई लावत, भाभी."

सिंधूताईंचं डोकं फिरलं. किंमत कळल्याशिवाय विकायचं नाही आणि किंमत कळूही द्यायची नाही! या माणसाशी संसार केला हेच नवल.

"मारुतीचं कवच उतरवतात का नाई? शेंदूर लई चढला का काढतात अन् नदीत सोडतात. मारुती रागावत नाई, मंग तुमचा लोडर काऊन रागावन?"

नारायणरावांनी लोडरपुढे नारळ फोडला. सिंधूताईंनी कोमट तेलाने थर सैल केला आणि उलथन्याने अलगद उतरवला.

नंबर जुळले. फारुखभाईंनी आकडा सांगितला, तो नारायणरावांनी दोनदा वदवून घेतला. सुटले बाई, असं सिंधूताईंना वाटलं.

"एवढ्या मोलाची चीज," नारायणराव हळूच म्हणाले, "इकाची कशी?"

सिंधूताईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पण त्या फारुखभाईंकडे वळल्या. "भाऊ, चीज रस्त्याच्या कडेले उघडी उभी हाये. कोनं पाटी काढून नेली तं?"

"मंग भंगारच," फारुखभाई म्हणाले.

नारायणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगोलग शेजारच्या कुलदीपला बोलावलं, टायरांत हवा भरली, त्याच्या ट्रॅक्टरला साखळी लावली. मळ्यातल्या गोठ्याला कुलूप होतं, तिथे लोडर न्यायचा ठरला. स्टेअरिंगवर दुसऱ्या कुणाला बसू देतील तर शपथ.

"हळू घे बे, मोलाची चीज हाये!" ओरडत ते लोडरवर बसून फाटकाबाहेर पडले.

सोमवारी सारिकाने मोकळ्या अंगणात शेडची मापं घेतली. "जिंकल्या की तुम्ही, ताई!"

सिंधूताई हसल्या, पण मन खट्टूच होतं. इतकी वर्षं त्यांनी घसा कोरडा केला, तेव्हा चाक बोटभर हललं नाही. परका माणूस एक शब्द बोलला आणि नवरा स्वतः स्टेअरिंग धरून निघाला.

"हाव," त्या म्हणाल्या. "आता नवऱ्याले काई सांगाचं असलं, का आधी फारुखभाऊले फोन लावत जाईन."