बोचक्यापाशी चार मिनिटं

"काकू, तुमचा म्हातारा दुरुस्त केला हं!" झटपटने खुर्चीतूनच ओरडून सांगितलं. "आता आत जातो आणि चार सेकंदांत बाहेर येतो. एकदम टकाटक!"

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "चार सेकंदांत? अहो, चार सेकंदांत त्याचा जिना तरी चढून होईल का?"

झटपट हसला. त्याच्या जोडीला मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, कारण म्हाताऱ्याची तक्रार मीच केली होती.

आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. मी तिथे टेस्टर आहे, म्हणजे बाकीच्यांनी जे बनवलं त्यात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. नऊ वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली आहे की ती घरीही सुटत नाही, आणि त्यावरून बायको मला जे ऐकवते ते इथे लिहिण्यासारखं नाही. झटपट हे आम्ही आमच्या प्रोग्रामरला ठेवलेलं नाव. खोट सांगायचा अवकाश, की दुरुस्त करून मोकळा. दुरुस्त करण्याआधी विचार करावा अशी त्याची प्रकृती नाही.

काकू आमच्यात आल्या त्या शुद्धलेखन तपासायला. एका मोठ्या इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत सव्वीस वर्षं बसून त्या निवृत्त झाल्या होत्या. गेममधल्या पात्रांच्या तोंडची वाक्यं वाचून त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ पाहावं, एवढ्यासाठी कंपनीने त्यांना वर्षाच्या करारावर घेतलं. पंधरा दिवस त्यांनी निमूटपणे ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. सोळाव्या दिवशी म्हणाल्या, "हा लोहार असा का बोलतो? याला काही काम नाही का?" आमचा मुख्य लेखक वैतागून म्हणाला, "मग तुम्हीच लिहा!" काकूंनी ते वाक्य शब्दशः घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लोहार लिहून आणला.

हे ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गेममध्ये एक नायक आहे आणि राज्य बुडवायला निघालेला एक राक्षस आहे. राक्षसाला मारणं ही मुख्य कामगिरी. वाटेत गावं लागतात, तिथली माणसं नायकाला काही ना काही काम सांगतात. केलं तर केलं, नाही केलं तरी राक्षस मरायचा तो मरतोच. या बिनसक्तीच्या कामांना आम्ही साइड क्वेस्ट म्हणतो. काकू येण्याआधी आमच्या साइड क्वेस्ट म्हणजे दहा कोल्हे मारा, पाच मुळ्या खणून आणा, आणि बक्षीस घेऊन चालू लागा. मी कामाचा भाग म्हणून हजारेक कोल्हे मारले असतील. एकही लक्षात नाही.

काकूंचा लोहार मात्र लक्षात आहे. तो नायकाला म्हणतो, मला वाचता येत नाही, मुलीचं पत्र आलंय, तेवढं वाचून दाखवा. नायक वाचतो. लोहार ऐकतो, हातोडा उचलतो, परत खाली ठेवतो आणि म्हणतो, "आता पुन्हा वाचा. पण ते तिसरं वाक्य तेवढं सोडून द्या." तिसऱ्या वाक्यात मुलीने लिहिलेलं असतं, की मी आता परत येणार नाही. बस्स, एवढंच काम. ते केल्यावर मी उठून पाणी पिऊन आलो होतो.

त्यांचा दुसरा एक पहारेकरी होता, पुलावरचा. त्याची शिट्टी हरवलेली असते. तुम्ही गावभर शोधता आणि शेवटी ती सापडते त्याच्याच जोडीदाराच्या पेटीत. कारण हा गृहस्थ दिवसभर शिट्टी वाजवतो आणि जोडीदाराचं डोकं उठतं. आता शिट्टी द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं. दिलीत, तर पुढे जेव्हा जेव्हा त्या पुलावरून जाल तेव्हा शिट्टी ऐकावी लागेल. मी दिली आणि पस्तावलो. पण पुलावरून जाताना दर वेळी हसू यायचं, ते काही थांबलं नाही.

"हे तुम्हाला सुचतं कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"सुचायचंय काय त्यात?" काकू म्हणाल्या. "खिडकीवर मोठी गोष्ट कुणी विचारायचंच नाही हो. माणूस जगणार की जाणार, हे मला कोण विचारणार? ते डॉक्टरांना. मला विचारायचे, पाणी कुठं मिळेल. एवढा फोन लावून द्याल का. घराला कुलूप लावलं की नाही तेच आठवत नाहीये, काय करू. जीव टांगणीला लागलेला असायचा आणि विचारायचे कुलुपाचं. मला वाटतं, मोठं काही हातात नसलं की माणूस असं बारकं काहीतरी घट्ट धरतो. आणि ते तुम्ही करून दिलंत ना, तर तुम्हालाही बरं वाटतं. सक्ती नसताना केलेलं असतं ना."

मी जगभरातले गेम खेळलो आहे, त्यांच्यावरचे लांबलचक लेखही वाचले आहेत. साइड क्वेस्ट आवडते ती का, याचं एवढं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.

तर तो म्हातारा. राजधानीत वैद्यांचं मोठं घर आहे. त्याच्या दाराशी एक म्हातारा कापडी बोचकं घेऊन बसलेला असतो. आत बायको आजारी आहे आणि सामान आत नेऊ देत नाहीत. तो नायकाला म्हणतो, "एवढं बोचकं बघाल का? मी भेटून येतो." हो म्हटलं की नायक बोचक्यापाशी बसतो आणि म्हातारा आत जातो. मग रस्त्यावरून माणसं येत-जात राहतात. एक बाई दारात बादली ओतते. संगीत नाही, शत्रू नाही, काही नाही. मी नव्वद सेकंद वाट पाहिली आणि तक्रार नोंदवली, 'म्हातारा आत गेल्यावर गेम अडकतो. अतिगंभीर.' झटपटने प्रोग्राममध्ये पाहिलं तर म्हाताऱ्याच्या परतण्याची वेळ दोनशे चाळीस सेकंद. इतका वेळ कोण ठेवतं, चुकून पडलं असणार, असं म्हणून त्याने चार केले.

"चुकून नाही पडलं," काकू म्हणाल्या. "मीच चार मिनिटं लिहिली होती."

"अहो काकू, चार मिनिटं?" झटपट म्हणाला. "चार मिनिटांत लोक गेम बंद करून झोपतील!"

"उठून जायची मुभा आहे की त्यांना. कुणी बांधून नाही ठेवलेलं."

एवढ्यात साहेबांचा निरोप आला. गेम फार जड झाला आहे, साठ साइड क्वेस्टपैकी वीसच ठेवायच्या, चार वाजता बैठक. ज्यांच्यावर अतिगंभीर तक्रार आहे त्या चर्चेविना बाद.

म्हणजे पेच असा झाला, की चार सेकंदांचा म्हातारा दुरुस्त म्हणून वाचणार होता आणि चार मिनिटांचा पुन्हा आणला, तर माझ्या तक्रारीसकट बाद होणार होता. मी काकूंना हे समजावून सांगितलं. म्हटलं, असू द्या चार सेकंद, निदान राहील तरी.

"नको," काकू म्हणाल्या. "मग काढूनच टाका. चार सेकंदांत कुणी कुणाचं सामान सांभाळत नसतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्या जेवायला उठल्या नाहीत. लोहार राहणार की जाणार, हेही त्यांनी विचारलं नाही. मी माझा डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो.

"या म्हाताऱ्यातच एवढं काय आहे, काकू?"

त्यांनी बराच वेळ डब्याचं झाकण पुसलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे भेटीची वेळ पाच ते सहा. वॉर्डात सामान न्यायला बंदी. माझ्या खिडकीवर पाटीच होती, सामानाची जबाबदारी आमची नाही. एक म्हातारा आला. कुठून लांबून आला होता, चपला पार झिजलेल्या. म्हणाला, ताई, एवढं बघाल का, मी भेटून येतो. मी पाटीकडे बोट केलं."

"मग?"

"मग काय? बसला बाकावर, बोचक्यावर हात ठेवून. दुसऱ्या कुणाला विचारायचा धीर झाला नसेल. माझ्यासमोर तासभर बसला. सहाची घंटा झाली तसा उठला आणि गेला. दुसऱ्या दिवशी येईल म्हणून मी वाट बघितली. ठरवून ठेवलं होतं, म्हटलं, पाटी गेली खड्ड्यात, टेबलाखाली ठेवून घेऊ. पण तो आलाच नाही. कुणाला भेटायला आला होता, ते नावही विचारलं नव्हतं मी. खिडकी चौकशीची आणि चौकशी केली नाही बघा." त्या जराशा हसल्या. "नियम काही चुकीचा नव्हता हो. एकाचं ठेवलं की दहा जणांचं ठेवावं लागतं. पण त्याचं ठेवायला हवं होतं."

मी डबा तसाच झाकला आणि झटपटकडे गेलो. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "ऐकलं मी. केलेत पुन्हा दोनशे चाळीस." त्या दिवशी त्याच्याबद्दलचं माझं मत बरंच सुधारलं.

चार वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही दोघे. करारावरच्या माणसांना बैठकीला बोलावत नाहीत, त्यामुळे काकू बाहेर आपल्या जागेवर. मी म्हटलं, "साहेब, म्हाताऱ्याची तक्रार मी मागे घेतो. गेम अडकत नाही, मीच लवकर उठलो."

"नऊ वर्षांत पहिल्यांदा तू स्वतःची चूक काढतोयस," साहेब म्हणाले. "दाखव बघू काय आहे ते."

ते स्वतः खेळायला बसले. म्हातारा आत गेला. रस्ता, माणसं, बादलीवाली बाई. साहेब पन्नास सेकंद टिकले. "काहीच होत नाहीये की!" असं म्हणून त्यांनी नायकाला उठवलं आणि बाजाराच्या दिशेने हाकललं. पुढची दोन कामं केली. मग बाजारात समोरून तोच म्हातारा आला, खांद्यावर बोचकं. नायकाला पाहून थांबला आणि म्हणाला, "बरं झालं, तुम्ही तुमच्या कामाला गेलात ते. सामान जागेवरच होतं."

साहेबांचे हात थांबले. "हे काय? चिडत नाही हा?"

"नाही साहेब."

"काही शिक्षा? गुण कापणं वगैरे?"

"काही नाही. काकूंनी लिहिलंय, उठून गेलेल्याला कुणी काही बोलायचं नाही. त्यालाही कामं असतील."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी आधी साठवलेला खेळ उघडला, परत वैद्यांच्या घराशी गेले, म्हाताऱ्याला हो म्हटलं आणि बसले. मध्ये फोन वाजला, तो त्यांनी पालथा घातला. दार उघडून कुणी डोकावलं, त्याला हातानेच थोपवलं. चार मिनिटं तिघेही एका कापडी बोचक्याकडे बघत होतो. कुणी जवळून गेलं की साहेब नायकाला जरासा सावरून बसवत होते. बोचकं चोरीला जाण्याची सोयच गेममध्ये नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

म्हातारा बाहेर आला. "फार वेळ बसवलं तुम्हाला," म्हणाला. बक्षीस वगैरे काही नव्हतं.

"राहू दे याला," साहेब म्हणाले. "आणि लोहारालाही. तो पुलावरचा शिट्टीवाला कुणाचा, त्यांचाच ना? तोही." थोड्या वेळाने खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यांचा करार मात्र महिनाअखेर संपतोय. लिखाण आता संपलंच आहे. वाढवायचं म्हटलं तरी वरून मंजूर होणार नाही."

मी बाहेर येऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. काकूंनी पहिली पुन्हा एकदा सांगायला लावली. दुसरीवर नुसती मान हलवली.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, पुसला, आणि माझ्याकडे आल्या. "मला एकदा खेळायला शिकवता का?" वर्षभर त्यांनी गावंच्या गावं कागदावर लिहून वसवली होती, पण त्यांतल्या एकातही पाऊल टाकलं नव्हतं. मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. नायक आधी भिंतीला धडकला, मग कारंज्यात उतरला. झटपट हसून हसून बेजार झाला, काकूही हसल्या. शेवटी आम्ही कसेबसे वैद्यांच्या घराशी पोचलो.

"एवढं बोचकं बघाल का?" म्हाताऱ्याने विचारलं.

काकूंनी हो दाबलं. नायक बसला. काकू पदर सारखा करून ताठ बसल्या, आणि चार मिनिटांत त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. निरोप द्यायला म्हणून आलेली माणसं मागे गोळा झाली होती, तीही बोचक्याकडे बघत उभी राहिली.

म्हातारा बाहेर आला. "फार वेळ बसवलं तुम्हाला." त्याखाली काकूंनीच लिहिलेली दोन उत्तरं उमटली, 'काही हरकत नाही' आणि 'बरं, निघतो'. काकूंचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"काय झालं, काकू? दाबा की," झटपट म्हणाला.

"आणखी एक लिहायला हवं होतं."

"काय?"

"बायको कशी आहे, ते विचारायचं."

"मग टाकू की! पाच मिनिटांचं काम आहे. तो काय सांगेल, तेवढं तुम्ही सांगा."

काकूंनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो त्यांच्या उत्तराची वाट बघत उभा होता.

"तेच तर मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी 'काही हरकत नाही' दाबलं. म्हाताऱ्याने बोचकं उचलून खांद्यावर घेतलं आणि तो रस्त्याने चालू लागला. गर्दीत दिसेनासा होईपर्यंत काकू खुर्चीवरून उठल्या नाहीत.