अमरेशचे चार स्फटिक

शाइस्ता बागवान सोलापुरात विद्यापीठात पीएचडी करत होती. तिचं सगळं काम कॉम्प्युटरवर. स्फटिकात कुठला अणू कुठं बसलाय ते सॉफ्टवेअरला सांगायचं. मग ते इलेक्ट्रॉनांचं गणित करतं, आणि पदार्थ वीज वाहून नेईल की अडवेल, हे तो न बनवताच कळतं. मँगनीजच्या एका नव्या संयुगाबद्दल तिनं पेपर लिहिला होता, की यातून वीज वाहते. पेपर छापून आला तेव्हा तिच्या वडिलांनी, नबीलालनी, फळांच्या गाळ्यावर येईल त्याला पेढा दिला होता.

तो पेपर वाचून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अमरेशनं खरोखरचा स्फटिक बनवायला घेतला. मूळचा अक्कलकोटचा मुलगा. मार्चमध्ये त्याचा फोन आला.

"मॅडम, वीज जातच नाही बघा. चार वेळा भट्टी लावली, चारही स्फटिक तसेच. आमचे सर म्हणतात, तुझं मटेरियलच शुद्ध नाही. माझंच कुठंतरी चुकतंय की. काय बघू, सांगता का?"

"बघते," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं दोन वर्षांपूर्वीची इनपुट फाइल उघडली. विभागातल्या कुणाच्या तरी जस्तावरच्या जुन्या कामातून तिनं ती उतरवून घेतली होती. त्या जस्ताच्या कामात इलेक्ट्रॉनांचा चुंबकी गुण, म्हणजे स्पिन, धरायची गरज नव्हती. मँगनीजला तो धरावाच लागतो, आणि त्यासाठी एक ओळ लिहावी लागते. ती ओळ फाइलमध्ये नव्हतीच. तिनं वरून खाली दोनदा वाचलं. मग ओळ घातली, गणित पुन्हा लावलं आणि डबा खाल्ला. भेंडी होती.

दुसऱ्या दिवशी अकराला उत्तर आलं. वीज वाहत नाही.

रडू येईल म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली. आलं नाही. तोंड धुऊन ती दिग्विजय सरांकडे गेली. सर तिचे गाइड. त्यांनीही ती फाइल कधी उघडली नव्हती. तिनं त्यांना जुनं आणि नवं, दोन्ही उत्तरं दाखवली.

"जूनमध्ये तुझा थीसिस जायचाय," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, सॅम्पल तपास. त्यात खोटं काय आहे?"

"चार वेळा तपासलंय त्यानं, सर."

"मग पाचव्यांदा तपासेल."

ती जिन्यात आली आणि तिथूनच तिनं अमरेशला फोन लावला. चूक माझी आहे, एवढंच सांगितलं.

"म्हणजे माझा पहिलाच स्फटिक बरोबर होता?"

"हो."

"मी घरी सांगून बसलो होतो, मॅडम. मला हे जमत न्हाय, परत येतो म्हणून."

त्यानं फोन ठेवला.

भवानी पेठेतल्या घरी माजिदानं, तिच्या आईनं, तिच्याकडे बघितलं. "क्या हुआ गे? मू कायकू ऐसा?"

"कुछ नै, अम्मी. पेपर वापस लेना है."

माजिदाला त्यातलं काही कळलं नाही. तिनं भात वाढला. शाइस्तानं तो खाल्ला, आणखी मागूनही घेतला.

पेपर मागे घ्यायला सरांची सही लागत होती. अकरा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी सही करून कागद सरकवत म्हणाले, "पाठव." थीसिस वर्षभर पुढं गेला. त्याच पद्धतीनं केलेल्या आणखी अठरा फाइली निघाल्या. ती एकेक उघडायची, ओळ घालायची, गणित लावायची.

"किती शांत आहेस गं तू," शेजारच्या टेबलावरची रेश्मा एकदा म्हणाली. "मी असते तर वेड लागलं असतं."

शाइस्ताला शांत वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

ऑगस्टमध्ये अमरेशचा मेल आला, पुण्याच्या प्रयोगशाळेच्याच पत्त्यावरून. पहिल्या स्फटिकावरच्या मोजमापाचा आलेख, आणि खाली एक वाक्य: तुम्हाला लागेल म्हणून पाठवतोय. वीज किती अडते याचा त्यातला आकडा तिच्या नव्या उत्तराच्या बराच जवळ होता. तिनं तो तक्त्यात भरला, खाली अमरेशचं नाव लिहिलं आणि पुढची फाइल उघडली.