मंत्री घर्तींची उम्म सलालची फेरी

नेपाळचे श्रममंत्री धनवीर घर्ती २०१८च्या मार्चमध्ये दोह्याला आले आणि त्यांना फिरवायची जबाबदारी माझ्यावर पडली. लुसैलला वर्ल्ड कपचं स्टेडियम उभं राहत होतं, तिथे आमच्या कंपनीचे चारशे नेपाळी कामगार होते आणि मी एचआरमध्ये होतो. साहेबांविषयी एवढंच कळलं होतं, की मंत्री होण्याआधी ते जंगलात दहा वर्षं बंदूक घेऊन लढलेले माओवादी कमांडर होते.

मी गाडीत फोनवर आसावरीला, माझ्या बायकोला, "जेवायला थांबू नकोस" म्हणालो, तर मागून मराठीतच आवाज आला, "घरी काय केलंय जेवायला?"

मी चमकून मागे पाहिलं. मंत्री हसत होते. त्यांचे वडील नाशिकला कॉलेज रोडच्या एका सोसायटीत वॉचमन होते आणि साहेब दहा वर्षांचे होईपर्यंत तिथेच जिन्याखालच्या खोलीत राहिले होते.

"लोक बापाला बहादूर म्हणायचे," ते म्हणाले. "त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पुढे लढाईसाठी माणसं गोळा करताना मी हीच गोष्ट सांगायचो. आपलं राज्य आलं की कुणाचा बाप परक्याच्या दारात उभा राहणार नाही."

"आणि आज?"

"आज दुपारी करारावर सही आहे. आणखी आठ हजार माणसं पाठवायची."

मी एसी वाढवला.

उम्म सलाल मोहम्मद गावातल्या आमच्या कॅम्पवर कामगार रांगेत उभे होते. साहेब हात मिळवत चालले होते. मध्येच परांची बांधणाऱ्या, चाळिशीच्या एका स्कॅफोल्डरने पाय जुळवून कडक सलाम ठोकला. साहेब जागीच थांबले.

"तुलाराम?"

"हो, कमांडर."

दोघांनी मिठी मारली. बराच वेळ सुटेनात. हिंदीच्या आधाराने मला त्यांची नेपाळी थोडीफार कळत होती. एका हल्ल्यात साहेबांच्या मांडीला गोळी लागली होती, तेव्हा याच तुलारामने त्यांना पाठीवर घेऊन दोन डोंगर ओलांडले होते.

"माझ्यावर रागावलायस?" साहेबांनी विचारलं.

"कशाला?" तुलारामला प्रश्नच कळला नाही. "एक काम होतं. मुलगा वीस वर्षांचा झाला. तुमच्या आठ हजारांत त्याचं नाव घाला ना."

साहेबांचा चेहरा असा झाला, की मी खुर्ची मागवली. शिव्या ऐकायची त्यांची तयारी असावी, या विनंतीची नव्हती.

परतताना ते म्हणाले, "त्यानं मला थोबाडलं असतं तर बरं झालं असतं. आता सांगा, मुलाला आणू की नको?"

"साहेब, मी स्वतः घर सोडून इथे आलोय. मी काय सांगणार?"

दुपारी त्यांनी सही केली. फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत.

दोन महिन्यांनी तुलाराम तणतणत ऑफिसात आला. साहेबांनी मुलाला काठमांडूत आपल्याच मंत्रालयात शिपाई म्हणून लावून घेतलं होतं.

"माझा मुलगा त्यांना चहा नेऊन देतो! इथे क्रेन शिकला असता."

"पण घराजवळ आहे ना?"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि खाली बसला. रागवावं की बरं वाटून घ्यावं, त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

पावसाळ्यात तिकडचं मंत्रिमंडळ बदललं, साहेबांचं खातं गेलं. नव्या मंत्र्याने त्यांची माणसं काढली, तशी मुलाचीही नोकरी गेली. तो एका एजंटाला धरून मलेशियाला गेला. कुठल्या गावी, कुठल्या कारखान्यात, हे तुलारामलाही नीट ठाऊक नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी साहेबांचा फोन आला. आता साध्या घरात राहतो म्हणाले, बाकी इकडचं तिकडचं बोलले. मग एकदम म्हणाले, "गुरुप्रसादजी, तुमच्याकडे आणला असता तर निदान तुलारामच्या नजरेसमोर राहिला असता. हो ना?"

मी हो म्हणालो. लगेच वाटलं, हो म्हणायला नको होतं. पण तोवर ते पुन्हा विचारत होते, "की नाही?"